हॅलोवीनच्या केकवरचा काळा रंग

प्रति,
मा. संपादक,

विषय : ऑक्टोबरअखेरच्या हॅलोवीन पार्ट्यांसाठी होणारे केक आणि त्यांवर वापरले जाणारे रंग

महोदय,

ऑक्टोबर संपत आला की ‘हॅलोवीन आपला की परका’ हा वाद वाचकांच्या पत्रांतून दरवर्षी रंगतो. दोन्ही बाजूंची पत्रे मी आवडीने वाचते आणि दोघांचेही थोडे थोडे पटते. मात्र या वादात त्या संध्याकाळी टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या केककडे आणि तो खाणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलांकडे कोणी पाहत नाही, याचे मला वाईट वाटते. गेली चौदा वर्षे मी नागपूरच्या प्रतापनगरातील माझ्या घरून केक करून देते. सुरुवातीला केवळ वाढदिवस आणि नाताळ एवढेच काम असे. गेल्या पाच-सहा वर्षांत त्यात ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनची भर पडली आहे आणि माझ्या वहीत त्या आठवड्याची पाने दिवाळीच्या फराळाइतकीच भरलेली असतात. म्हणून या विषयावर स्वयंपाकघराच्या बाजूने काही लिहावे, असे वाटले.

गेल्या वर्षी आमच्याच फ्लॅट स्कीममध्ये मुलांची पार्टी झाली. त्या दिवशी माझ्याकडे आधीच चार केक असल्यामुळे तो केक बाहेरून मागवला गेला. कोणाकडून, याचा येथे उल्लेख करीत नाही, कारण तसे केक सर्रास सगळीकडे होतात. तीन किलोचा, पडक्या वाड्याच्या आकाराचा केक होता. भिंती डांबरासारख्या काळ्या, खिडक्यांतून ओघळणारे लाल रक्त, छतावर रुपेरी चमक आणि पायथ्याशी वाटीत ठेवलेला, पांढरा धूर सोडणारा कोरडा बर्फ (ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड). दिसायला तो खरोखर देखणा होता आणि करणाऱ्याचा हात तयार होता, हे मी मोकळेपणाने मान्य करते. अर्ध्या तासात सगळ्या मुलांचे ओठ, दात आणि जिभा काळ्याकुट्ट झाल्या. तेव्हा मुलांना त्याची मजा वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या माळ्यावरची सात वर्षांची मुलगी माझ्या दारात उभी राहून म्हणाली, “काकू, माझी जीभ पाहा न, रंग जाऊनच नाही राहिला.” तिने तीनदा दात घासले होते. दुपारी दुसऱ्या एका मुलाच्या आईचा घाबरलेल्या आवाजात फोन आला, कारण मुलाला हिरवट काळी शी झाली होती. डॉक्टरांनी तो रंगाचाच परिणाम असल्याचे सांगून त्यांना धीर दिला. मुले दोन दिवसांत पूर्ववत झाली. पण एका केकमधून एवढा रंग मुलांच्या पोटात जातो, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी माझी स्वतःची चूक सांगणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी मीदेखील एका केकवरील चेटकिणीच्या टोपीला चमक यावी म्हणून केकसाहित्याच्या दुकानातून सोनेरी पावडरची डबी आणली होती. डबीवर बारीक अक्षरांत ‘नॉन-टॉक्सिक’ एवढेच लिहिलेले होते. विषारी नाही म्हणजे खाण्याजोगी आहे, असा अर्थ मी लावला आणि ब्रशने ती टोपीभर फिरवली. विषारी नसणे आणि खाद्य असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला नंतर कळले. खाण्यायोग्य पावडरवर ‘खाद्य’ किंवा ‘एडिबल’ हा शब्द, घटकांची यादी आणि अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक असावा लागतो. माझ्या डबीवर यांपैकी काहीच नव्हते. तो केक कोणाला बाधला असे कानावर आले नाही, तरी ती डबी मी अजून फेकलेली नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी ती पहिल्याच दिवशी दाखवते.

ही भीती अनाठायी नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्ये अशा चमकदार पावडरींविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला होता. २०१८ मध्ये तेथील ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या-जुलाब झाले. केकवर गुलाबी सोनेरी पावडरचा जाड थर होता आणि त्या थरात तांब्याचे प्रमाण फार मोठे निघाले. पुढच्याच वर्षी मिसुरी राज्यात एका वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिसे सापडले आणि शोध घेता घेता तपास केकवरच्या पिवळ्या पावडरपर्यंत पोहोचला. त्या पावडरमध्ये शिसे २५ टक्के होते. ज्या देशातून हा सण आपल्याकडे आला, तेथेच ही गोष्ट घडावी आणि आपण त्यातली केवळ चमक उचलावी, हे मला खटकते.

आता काळ्या रंगाविषयी. पांढऱ्या बटरक्रीमला किंवा व्हिप क्रीमला निव्वळ रंग घालून काळे करणे हे सगळ्यांत जास्त रंग खाणारे काम आहे. बाजारातला काळा रंग बहुधा निळा, लाल, पिवळा असे अनेक रंग मिसळून केलेला असतो. पांढऱ्या क्रीममध्ये तो घातला की प्रथम राखाडी, मग जांभळट करडा, मग शेवाळी अशा छटा येतात आणि हवा तो काळा येईपर्यंत बाटली रिकामी होत जाते. आपल्या देशात खाद्यपदार्थांत ठरावीक कृत्रिम रंगांनाच परवानगी आहे आणि अनेक पदार्थांसाठी त्यांची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम इतकी आहे. शंभर मिलिग्रॅम म्हणजे चिमटीच्या टोकावर मावेल एवढी भुकटी. एवढ्यात किलोभर पांढरे क्रीम डांबरासारखे होत नाही, हे रोज क्रीम फेटणारी कोणतीही बाई सांगेल. कर्नाटकच्या अन्न सुरक्षा विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये केकचे २३५ नमुने तपासल्याचे जाहीर केले. त्यांपैकी १२ नमुन्यांत कृत्रिम रंग धोकादायक प्रमाणात आढळले होते आणि त्यांत रेड व्हेल्व्हेट आणि ब्लॅक फॉरेस्ट या आपल्याकडेही रोज विकल्या जाणाऱ्या प्रकारांचा उल्लेख होता. बाकीचे २२३ नमुने निर्दोष निघाले, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. नीट काम करणारे बहुसंख्य आहेत, म्हणूनच मी हे पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे.

काळा रंग ‘नैसर्गिक’ हवा म्हणून काही जण कोळशाची पावडर घालतात. सक्रिय कोळसा हा विषबाधेच्या रुग्णाला देण्याचा पदार्थ आहे. तो पोटातली औषधेही शोषून घेतो, त्यामुळे ज्या आजोबांची रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यांच्या बशीत तो जाता कामा नये. न्यूयॉर्क शहराने २०१८ मध्येच खाद्यपदार्थांत त्याचा वापर बंद केला. कोरड्या बर्फाचे तापमान उणे ७८ अंश सेल्सिअस असते. तो मुलांच्या हाताला येईल अशा ठिकाणी ठेवणे हे मला फटाक्याची पेटती वात पाटावर ठेवण्यासारखे वाटते. मार्च २०२४ मध्ये गुरुग्राममधील एका उपाहारगृहात मुखशुद्धी समजून तो तोंडात टाकलेल्या पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्याची बातमी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. तारांचे पाय असलेले प्लास्टिकचे कोळी, केकच्या थरांत लपलेल्या टूथपिक आणि दाताला न फुटणारे रुपेरी मणी यांविषयी वेगळे सांगायला नकोच.

हे वाचून कोणी म्हणेल की मग ही पार्टीच कशाला हवी. मला तसे म्हणायचे नाही. मुलांना भुताखेतांची, मुखवट्यांची आणि अंधाराची ओढ असते आणि ती नागपूरच्या मुलांना परक्या देशातून आणावी लागलेली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीच्या रस्त्यांवर काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे स्त्रीरूपातले मोठे पुतळे, निघतात. लोक ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत बडग्यांमागे, म्हणजे पुरुषरूपातल्या पुतळ्यांमागे, धावतात. १८८० च्या दशकापासून चालत आलेली ही मिरवणूक मी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिली आहे आणि त्या काळ्या मारबतीच्या चेहऱ्याची भीती आणि आनंद मला आजही आठवतो. २०२४ साली तर ३१ ऑक्टोबर आणि नरकचतुर्दशी एकाच दिवशी आली होती. आमच्या स्कीममधल्या मुलांनी सकाळी अभ्यंगस्नान केले आणि संध्याकाळी पांढऱ्या चादरी पांघरून जिने दणाणून सोडले. त्यात कोणाचे काही बिघडले असे मला वाटले नाही.

शिवाय या सणाशी केकचे नाते आजच्या सजावटीपेक्षा फार जुने आणि फार साधे आहे. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा दिवस, २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांचा दिवस आणि ३१ ऑक्टोबर ही त्यांची पूर्वसंध्या. इंग्लंडमध्ये या दिवसांत गरीब माणसे आणि मुले दारोदार गाणी म्हणत जात आणि घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या बदल्यात त्यांना छोटे, गोल, मसाल्याचा वास असलेले केक मिळत. त्यांना ‘सोल केक’ म्हणत. वर एक क्रूस कोरलेला असे, बाकी सजावट नाही. हे वाचले तेव्हा मला सर्वपित्री अमावास्येला आई दारी आलेल्याच्या हातावर वडा आणि खीर ठेवीत असे, ते आठवले. आयर्लंडमध्ये याच रात्रीसाठी ‘बार्मब्रॅक’ नावाचा मनुकांचा गोड पाव भाजतात. त्यात पूर्वी अंगठी, नाणे, कापडाची चिंधी अशा वस्तू दडवलेल्या असत आणि ज्याच्या तुकड्यात अंगठी येई त्याचे वर्षभरात लग्न होणार, असे मानत. कंदील कोरायलाही तेथे आधी सलगम वापरत. देशांतर करून अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांना तेथे मोठा, कोरायला सोपा भोपळा मिळाला आणि मग तोच या सणाचे चिन्ह झाला. यांपैकी कोणत्याही केकला काळ्या रंगाची बाटली लागत नव्हती.

आणि भोपळा म्हणावा तर तो आपल्या घरातलाच. पुण्या-मुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात त्याला आपण कोहळे म्हणतो आणि कोहळ्याची बोंडे न खाल्लेले वैदर्भीय घर मला तरी माहीत नाही. हॅलोवीनसाठी केक मागणाऱ्या आयांना मी हल्ली आधी हाच केक सुचवते. गोकुळपेठच्या बाजारात कोहळ्याची कापलेली फोड मिळते. तिचा गर गडद केशरी आणि बिया टपोऱ्या असाव्यात. फिक्या गराचे कोहळे पाणचट निघते. साल काढून फोडी पाण्यात न शिजवता नुसत्या वाफवायच्या, पुरणयंत्रातून काढायच्या आणि तो लगदा मलमलच्या कापडात अर्धा तास टांगून ठेवायचा. खाली वाटीत जे पिवळे पाणी जमते तेच केक ओलसर आणि चिकट करणारे असते. ते वरणात घालावे, फेकू नये. आठ इंची साच्यासाठी असा घट्ट लगदा २५० ग्रॅम, किसलेला गूळ २०० ग्रॅम, दही १२५ ग्रॅम आणि तेल अर्धी वाटी एवढे एकत्र फेटले की सुंदर पिवळसर तांबूस मिश्रण होते. त्यात मैदा आणि कणीक मिळून २५० ग्रॅम, दीड चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा चाळून घालायचा. दालचिनी, सुंठ, दोन लवंगांची पूड आणि भरपूर जायफळ असेल तर त्याला परदेशी मसाल्याची पुडी लागत नाही. अंडे लागत नाही, कारण दही आणि सोडा मिळून तेच काम करतात आणि आपल्याकडच्या निम्म्याहून अधिक ऑर्डरी बिनअंड्याच्याच असतात. गुळामुळे हा केक वरून लवकर गडद होतो, म्हणून भट्टी १८० ऐवजी १७० अंशांवर ठेवावी आणि अर्ध्या तासानंतर वर बटर पेपर टाकावा. पाऊण तासात तो होतो. साचा बाहेर काढताना घरभर जो वास सुटतो तो थेट माझ्या आजीच्या कढईतल्या बोंडांचा असतो आणि दरवेळी मी क्षणभर ओट्यापाशी थांबते.

रंग अधिक खुलावा म्हणून एकदा मी या मिश्रणात हळद घातली होती. सोड्याशी गाठ पडताच हळद तांबडी होते, हे साबणाने हळदीचा हात धुणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, पण त्या दिवशी मला ते सुचले नाही आणि केकभर विटकरी रेघा उठल्या. बीटचा लाल रंगही भट्टीच्या आचेत टिकत नाही, तपकिरी होतो. म्हणून ज्या रंगांना आच सोसत नाही ते वरच्या आयसिंगमध्येच घालावेत, हे मी तेव्हापासून पाळते.

आयसिंगच्या बाबतीत नागपूरच्या हवेचा विचार करावाच लागतो. आपल्याकडे ऑक्टोबरात दुपारचे तापमान तेहतीस-चौतीस अंशांपर्यंत सहज जाते आणि लोणी त्याच सुमारास विरघळू लागते. चित्रात पाहिलेले बटरक्रीमचे टोकदार डोंगर येथे टेबलावर पोहोचेपर्यंत घसरू लागतात आणि ते घसरू नयेत म्हणून दुकानांतून वनस्पतिजन्य चरबीचे क्रीम वापरले जाते, जे तोंडात गेल्यावर टाळूला चिकटून राहते. माझा उपाय आपल्याच घरातला आहे. किलोभर दही रात्री टांगले की सकाळी अर्ध्या किलोच्या आतबाहेर चक्का मिळतो. श्रीखंडासारखी साखर घातली तर तो सैल पडतो, म्हणून साखर जेमतेम घालावी आणि घट्टपणासाठी वितळवून कोमट केलेले खरे पांढरे चॉकलेट, साधारण १५० ग्रॅम, त्यात फेटून घ्यावे. त्यात संत्र्याच्या सालीचा कीस घालावा. आंबिया बहाराची संत्री याच दिवसांत कळमन्याच्या बाजारात उतरू लागतात. तेव्हा त्यांची साल अर्धी हिरवी आणि रस आंबट असतो आणि केकसाठी नेमकी तीच चव हवी असते. किसताना सालीखालचा पांढरा पापुद्रा येऊ देऊ नये, तो कडू असतो. केशरकाड्या दुधात खलून घातल्या की चक्क्याला भोपळ्याचा फिका केशरी रंग येतो. हा केक मात्र फ्रिजमधून काढल्यावर तासाभरात संपवायला हवा. चौदा मुले असतील तर त्याची चिंता करावी लागत नाही.

उरला तो काळा. पांढऱ्याला काळे करण्याऐवजी जे आधीच गडद आहे त्यापासून निघायचे. २०० ग्रॅम गडद चॉकलेट आणि १०० ग्रॅम गरम साय यांचे गनाश करून त्यात दोन चमचे काळपट कोको घातला आणि रात्रभर झाकून ठेवले की सकाळी ते अधिक गडद झालेले दिसते. उन्हात नेले तर ते गर्द तपकिरी आहे हे कळेल, पण पार्टी संध्याकाळी असते आणि दिवे मंद असतात. आजवर एकाही मुलाने मला ‘हे काळे नाही’ असे म्हटलेले नाही. केशरी चक्क्यावर याच गनाशची बारीक धार धरून एकात एक पाच वर्तुळे काढायची आणि मधून बाहेरच्या बाजूला टूथपिक आठ ठिकाणी अलगद ओढायची, की कोळ्याचे जाळे तयार होते. टूथपिक ओढून लगेच बाजूला ठेवायची, केकमध्ये खोचून ठेवायची नाही. कोळी बी काढलेल्या खजुराचा, पाय गनाशचे. ही जाळी काढायला मी मुलांनाच बसवते. पहिल्या ओढीला जाळे उमटते तेव्हा त्यांच्या तोंडून जो ‘आऽ’ निघतो, तो विकतच्या केकचा खोका उघडताना मी कधी ऐकलेला नाही.

पांढरी भुते दोन अंड्यांचे पांढरे आणि ११० ग्रॅम साखर घट्ट फेटून, पायपिंग बॅगेने टोकदार उभी काढून, शंभर अंशांवर दीड तास वाळवून होतात. पाऊस परतल्यावर आपली हवा कोरडी होते, त्यामुळे ती येथे छान कुरकुरीत होतात. जुलैत हे जमले नसते. अंडे न खाणाऱ्यांसाठी काबुली चणे शिजवलेले घट्ट पाणी तसेच फेटले जाते. डोळे काळ्या तिळाचे. रक्ताचे ओघळ हवे असतील तर डाळिंबाचा रस थोड्या साखरेबरोबर निम्मा होईपर्यंत आटवावा. त्याचा रंग कोणत्याही बाटलीपेक्षा खरा दिसतो आणि चवही लागते. जांभळ्या रंगासाठी कुंपणावरच्या गोकर्णाची निळी फुले गरम पाण्यात बुडवायची आणि त्यात लिंबाचे चार थेंब टाकायचे. निळे पाणी डोळ्यांदेखत जांभळे होते. चेटकिणीच्या काढ्याचा याहून चांगला खेळ मला माहीत नाही आणि त्याला कोरडा बर्फ लागत नाही.

माझ्यासारख्या घरून केक करणाऱ्या भगिनींची अडचणही मी जाणते. ग्राहक मोबाइलवर फोटो दाखवतात आणि ‘अगदी असाच पाहिजे’ म्हणतात. नाही म्हटले तर ऑर्डर दुसरीकडे जाते. पहिल्या वर्षी मी काळ्या बटरक्रीमला नकार दिला तेव्हा माझ्या तीन ऑर्डरी गेल्या. त्यांपैकी दोन घरे पुढच्या वर्षी परत आली. म्हणून ग्राहकांनाही माझी विनंती आहे की, ऑर्डर देताना केकवर काय दिसेल एवढेच न विचारता रंग कोणता, पावडर कोणती, त्या डबीवर ‘खाद्य’ लिहिले आहे का आणि करणाऱ्याची नोंदणी आहे का, एवढे विचारावे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे घरून विकणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते. विचारल्याने कोणा प्रामाणिक माणसाचा अपमान होत नाही. मला तर कोणी डबी दाखवा म्हटले की बरे वाटते.

शेवटी आपल्या दैनिकाच्या माध्यमातून अन्न व औषध प्रशासनाकडे एक मागणी करते. दिवाळीच्या तोंडावर प्रशासनाची पथके खवा, मिठाई आणि खाद्यतेल यांचे नमुने घेतात आणि त्याच्या बातम्या आपण छापता. त्याच मोहिमेत केकसाहित्याच्या दुकानांतील रंगांच्या बाटल्या, चमकदार पावडरींच्या डब्या आणि तयार काळे-लाल केक यांचेही नमुने घ्यावेत, तपासणीचे निष्कर्ष ३१ ऑक्टोबरपूर्वी मराठीत जाहीर करावेत आणि खाद्य नसलेली सजावटीची पावडर खाद्य मालाच्या मांडणीत ठेवू नये, असे दुकानदारांना लेखी कळवावे. माझ्याकडची ती जुनी सोनेरी डबी मी नमुना म्हणून द्यायला तयार आहे. तिच्यावर उत्पादकाचे नाव नाही, म्हणजे ती कोठून आली याचा शोध दुकानांपासूनच सुरू करावा लागेल.

आपली विश्वासू,
एक वाचक व घरगुती केक व्यावसायिक,
प्रतापनगर, नागपूर